साहेब कडक असला तरच सरकारी ऑफिसात काम होतं का?

सातबारा: कडक शिस्तीचे तुकाराम मुंढे 2018 च्या फेब्रुवारीत नाशिकला महापालिका आयुक्त म्हणून आले, नोव्हेंबरात बदली! असा साहेब असला की खुर्च्या वेळेवर भरतात. मवाळ साहेब आला की टपरीवाल्याची चांदी. धाकाशिवाय सरकारी माणूस हलत नाही, हे माझं स्पष्ट मत.

मधलीसुट्टी: खुर्ची भरते हो, फाइल हलत नाही. आमच्याकडे एक भयंकर कडक साहेब होते. चूक सापडली की थेट नोटीस. मग काय, झेरॉक्सच्या कागदाची साधी मागणीसुद्धा लेखाशाखेकडे ‘अभिप्रायार्थ सादर’! सही कुणालाच नको. नऊच्या ठोक्याला हजर राहून दिवसभर शेरे मारायचे.

जुना_कारकून: लखिना पॅटर्न विसरलात वाटतं. अनिलकुमार लखिना 80 च्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी बसायची व्यवस्था बदलली, जुन्या कागदांची नीट वर्गवारी लावली. पुढे झिरो पेंडन्सीच्या, म्हणजे काहीच प्रलंबित न ठेवण्याच्या मोहिमेच्या वेळी आम्हीही सहा गठ्ठे बांधले. प्रलंबित वेगळं, प्रतीक्षाधीन वेगळं, नष्ट करायचं ‘ड’ वेगळं. आमचे तेव्हाचे साहेब स्वतः टेबलापाशी येऊन एखादा गठ्ठा सोडायचे आणि विचारायचे, “हे कुठं अडलंय?” ओरडणं नाही. अडलेलं पत्र बऱ्याचदा तिथूनच फोन लावून सोडवायचे. त्यामुळे आम्हीच आदल्या दिवशी दप्तर लावून ठेवायचो.

सातबारा: आणि ते गेल्यावर?

जुना_कारकून: गठ्ठे कपाटावर गेले. पण तुमचे कडक साहेब गेल्यावरही तेच होतं की!

पदोन्नती_प्रलंबित: बदल्यांचा 2005 चा कायदा साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ सांगतो. फाइल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवू नये, असंही त्यातच आहे. कार्यकाळाचं कलम सरकारच पाळत नाही, तर सात दिवसांचं कारकुनाने का पाळावं? साहेब सहा महिन्यांचा पाहुणा आहे हे शिपायालाही कळतं. मग धाक कसला आणि प्रेम कसलं! मान खाली घालून दिवस काढायचे.

सातबारा: म्हणजे मवाळ साहेब तीन वर्षं टिकला तर लोकांनी हेलपाटेच मारायचे?

मधलीसुट्टी: 2015 पासून सेवा हमी कायदा आहे. मुदतीत दाखला नाही मिळाला तर अपील करा.

सातबारा: पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे जातं. आलात ना परत साहेबावर?