ख्रिस्ती लेखनातले 'पाप' आणि 'पवित्र' : नेमका अर्थ काय?

प्रश्न :
एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या प्रवचनांचं मुद्रितशोधन करते आहे. 'पाप' शब्द पानोपानी आहे, पण त्याच्या जोडीला आपण ज्याची अपेक्षा करतो ते 'पुण्य' कुठेच नाही. पाप फेडणं, पुण्य गाठीशी बांधणं, पापाचा घडा भरणं यातलं काहीच नाही. शिवाय 'पवित्र व्हा' अशी आज्ञा वारंवार येते. पवित्र म्हणजे इथे सोवळं समजायचं का?

प्रतिसाद :
ताई, पुण्य दिसत नाही हे तुम्ही अचूक टिपलंत. आपल्या बोलण्यात पाप-पुण्याची खातेवही असते. एका बाजूला जमा वाढली की दुसरी बाजू भरून निघते. बायबलमध्ये तशी सोय नाही, कारण तिथे पाप म्हणजे देवाशी असलेलं नातं मोडणं. मोडलेलं नातं अन्नदानाने किंवा तीर्थयात्रेने सांधत नाही. ज्याचा अपराध केला त्यानेच क्षमा करावी लागते.

मूळ हिब्रूत यासाठी मुख्यतः तीन शब्द येतात आणि बायबलमधल्या दावीद राजाच्या ५१ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळींत ते तिन्ही एकत्र आहेत. 'पेशा' म्हणजे बंडखोरी, धन्याविरुद्ध उठणं. 'आवोन' म्हणजे वाकडेपणा आणि त्यातून येणारा दोष. तिसरा 'हत्तात'. त्याच्या मुळाशी असलेलं क्रियापद बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात गोफणीच्या संदर्भात आलं आहे : बन्यामीन वंशातले सातशे डावखुरे वीर केसावर नेम धरला तरी चुकत नसत. ते 'न चुकणं' आणि हे 'पाप करणं' एकाच धातूचं. म्हणून नेम चुकणं हा अर्थ सांगतात, आणि तो बरोबरही आहे. पण तेवढ्यावर थांबू नये, असं मला कळकळीने वाटतं. 'पाप म्हणजे फक्त नेम चुकला' असं म्हटलं की ते फार हलकं होतं. बंडखोरी हा अर्थ सोबत ठेवला तरच 'पापाचे वेतन मरण आहे' हे रोमकरांस पत्रातलं वाक्य समजतं. तिथला वेतन हा शब्द शिपायाच्या पगाराचा आहे. पुढच्याच शब्दांत 'देवाचे कृपादान' येतं. मरण कमावलेलं, जीवन मात्र फुकट मिळालेलं. मुद्रितशोधनात 'वेतन'च्या जागी 'फळ' करू नका, ही विनंती. वाक्याचा कणाच जाईल.

आता पवित्र. हिब्रू 'कादोश' म्हणजे देवासाठी वेगळा काढलेला. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात 'तुम्ही पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे' अशी आज्ञा आहे. तिच्याखाली काय काय येतं ते पाहा : शेताच्या कडेचं पीक कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. तराजू आणि मापं खरी ठेवा. त्याच ग्रंथात विटाळाचे आणि खाण्यापिण्याचे नियमही आहेत, नाही असं नाही. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात येशू स्पष्ट सांगतो की बाहेरून आत जाणारं काही माणसाला भ्रष्ट करत नाही. मनातून निघणारे वाईट विचार, चोरी, खून, लोभ, कपट, गर्व हे भ्रष्ट करतात. त्यामुळे ख्रिस्ती लेखनात 'सोवळं' हा शब्द अजिबात चालणार नाही.

दुसरा प्रतिसाद :
दादा, एक शंका. त्याच स्तोत्रात दावीद म्हणतो, 'तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.' मग त्याच्याच सैन्यातल्या उरीयाचं काय? त्याची बायको घेतली, त्याला लढाईच्या तोंडी देऊन मारवलं. माणसाचा अपराध देवाच्या नावावर टाकून मोकळं होणं नाही का हे?

उत्तर :
प्रश्न रास्त आहे. पण नाथान संदेष्टा दाविदाकडे येतो तो उरीयाचीच कैफियत घेऊन. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी घेतली, ही गोष्ट तो सांगतो. दावीद त्या श्रीमंतावर भडकतो आणि मग ऐकतो, 'तो मनुष्य तूच आहेस.' उरीया मेलेला आहे, त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, आणि राजावर न्याय चालवणारंही कोणी नाही. अशा वेळी 'तुझ्याविरुद्ध' म्हणणं म्हणजे त्या मेलेल्या माणसाचा धनी देव आहे हे कबूल करणं. मी तरी ते असं वाचतो. पाप इतकं गंभीर का, तेही इथे दिसतं : राजाने झाकलं तरी ते झाकलं जात नाही.

प्रश्नकर्त्या :
आभार. शेवटचं एक. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांवरच्या प्रवचनात साध्या मंडळीला 'पवित्र जन' म्हटलंय. तिथे 'संत' करू का?

उत्तर :
नको, ताई. मराठीत संत म्हटलं की ज्ञानोबा-तुकोबा, आणि कॅथलिक घरात संत फ्रान्सिस झेवियर. म्हणजे पोहोचलेला माणूस. पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्याच ओळींत पवित्र होण्यास बोलावलेले म्हणतो, आणि पुढे त्यांनाच गटबाजीवरून, एकमेकांवर कोर्टात फिर्यादी केल्यावरून, प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घेतात त्या भोजनाच्या वेळी एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला असतो यावरून खडसावतो. ते पोहोचलेले नव्हते, बोलावलेले होते. 'पवित्र जन'च ठेवा. आणि या बोलावण्याप्रमाणे माणूस हळूहळू बदलत जातो, त्याला मराठी बायबलमध्ये 'पवित्रीकरण' असा शब्द रूढ आहे. तो कुठे आला असेल तर त्याचं 'शुद्धीकरण' करू नका; तो शब्द आपल्याकडे दुसऱ्याच वादांत अडकलेला आहे.