माणूस वाईट वागतो ते कळत नाही म्हणून, की कळत असूनही?

कोथरूडकर:
सॉक्रेटिसचं म्हणणं होतं की जाणूनबुजून कुणी वाईट वागत नाही, चांगलं काय ते नीट कळलेलं नसतं म्हणून माणूस चुकतो. मला हे अजिबात पटत नाही. संध्याकाळी कर्वे रोडला राँग साइडने येणारे बघा, पुढे पोलीस दिसला की लगेच उतरून गाडी ढकलत न्यायला लागतात, म्हणजे नियम माहितीये की! जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1785 मध्ये लिहिलंय ते इथे बरोबर बसतं, की नियम मोडणाऱ्याला नियम नको असतो असं नाही, बाकीच्यांनी पाळावा आणि आपल्याला तेवढी सूट मिळावी असं त्याला वाटत असतं. उलट येणाऱ्यालाही बाकीचे सरळच यायला हवे असतात ना. माझ्या मते मूळ ही सूट आहे, अज्ञान नाही.

पेठेतली:
सॉरी, पण सूट तिथे, जिथे काहीतरी फायदा आहे. आमच्या सोसायटीत एकाच्या नव्या गाडीवर कुणीतरी बॉनेटपासून डिकीपर्यंत किल्लीने ओरखडा काढला, पार पत्रा दिसेपर्यंत. काय मिळालं त्याला? ख्रिस्ती विचारवंत सेंट ऑगस्टीनने सोळाव्या वर्षी पोरांबरोबर नासपती चोरल्या, भूक नव्हती, स्वतःकडे त्याहून चांगल्या होत्या, चोरलेल्या नासपती डुकरांपुढे टाकल्या, आणि पुढे कबूल केलं की मला ते वाईट करणंच आवडलं होतं.

कोथरूडकर:
पण त्यानेच हेही लिहिलंय की एकटा असतो तर केलं नसतं. मित्रांत भाव मिळतो, तो फायदाच. आणि ओरखड्यामागे जळफळाट असणार, तेवढं समाधान मिळालं.

पेठेतली:
असं म्हटलं तर मग काहीही फायद्यात बसवता येईल, मग त्या बोलण्याला अर्थ काय राहिला? दुसऱ्याचं नुकसान हेच समाधान असेल तर त्यालाच मी दुष्टपणा म्हणतेय.

नदीपात्र:
तुम्ही दोघंही माणूस शांत डोक्याने ठरवून वागतो असं धरून चाललाय. गीतेत तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो, की इच्छा नसताना कुणी जबरदस्तीने करायला लावल्यासारखा माणूस पाप का करतो, आणि कृष्णाचं उत्तर आहे काम आणि क्रोध. रागाच्या भरात पोराच्या थोबाडीत मारणारा बाप सूटही मागत नसतो आणि त्याला मजाही येत नसते, हात उठतो आणि मग रात्रभर डोळा लागत नाही. ॲरिस्टॉटलनेही सॉक्रेटिसला हेच सुनावलंय, कळतं पण वळत नाही अशी माणसं डोळ्यांसमोर आहेत म्हणून.

कोथरूडकर:
बापाचं उदाहरण चांगलंय, पण तोच बाप ऑफिसात साहेबावर हात उगारत नाही, कितीही भडकला तरी. घरात खपून जातं हे त्याला पक्कं माहिती असतं.

नदीपात्र:
साहेबासमोर नोकरी जायची भीती असते म्हणून राग आवरला जातो, तो नसतोच असं नाही. घरी ती भीती नाही एवढंच. त्याने बसून स्वतःला सूट दिली असं म्हणणं मला त्या बापावर अन्याय वाटतो, आणि पोराला पुढच्या वेळी वाचवायचं असेल तर बापाच्या रागाचंच काहीतरी करावं लागेल, कांट सांगून नाही भागणार.