पार्लरसारखा चटकन मारणारा शूटर गेम मोबाइलवर आहे का?

बोळातली_गल्लेवाली (सांगली)

नमस्कार मंडळी. लहानपणी आमच्या बाबांचं गणपती पेठेमागच्या बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. शाळा सुटली की मी गल्ल्यावर, टोकन द्यायला. त्यामुळं गेम मला मालकाच्या बाजूनं जास्त कळतात. बाबांचं गणित सरळ होतं. पोरगं तीन-चार मिनिटांत मेलं पाहिजे आणि "हॅ, माझंच चुकलं" म्हणत त्यानं परत खिसा चाचपला पाहिजे. मशिननं फसवलं असं वाटलं, तर ते पोरगं दुसऱ्या पार्लरला जाणार.

हल्ली मोबाइलवर त्या धाटणीचे विमानाचे गेम टाकून बघितले. गोळ्या आपोआप सुटतात, आपण नुसतं बोट फिरवायचं, आणि विमान नेमकं त्या बोटाखालीच झाकलेलं. मेलं की जाहिरात बघा नि उठून बसा. पुढं कधीतरी शत्रू मरायचेच बंद होतात, कारण आता विमान 'अपग्रेड' करायला पैसे हवे असतात. हा मालक बाबांपेक्षा बेरकी निघाला!

मला हवाय उभ्या फोनवरचा, नेट नसताना चालणारा, एकदाच पैसे देऊन विषय संपवणारा गेम. कोल्हापूर पॅसेंजरमध्ये जयसिंगपूर ते हातकणंगले एवढ्यात एक डाव झाला पाहिजे. आणि जरा चक्रम असला तर उत्तम.

पोवईनाका

ताई, दुखणं बरोबर पकडलंत. 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८, ताइतो कंपनी) आठवा. ११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ एलियन, आणि आपली एका वेळी एकच गोळी. ती कुठंतरी आपटेपर्यंत दुसरी सुटत नाही. नेम हुकला की वरपर्यंत तिचा प्रवास बघत बसायचं. सगळा खेळ त्या एका गोळीत आहे. ऑटोफायर (आपोआप सुटणाऱ्या गोळ्या) आलं आणि नेमाची किंमतच गेली.

शेवटचे एलियन सुसाट का पळतात माहितीय? प्रोसेसर बिचारा एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, एकच एलियन हलवायचा. ५५ असले की एकेकाची पाळी यायला जवळजवळ सेकंद लागायचा, एकच उरला की दर फ्रेमला त्याचीच पाळी. गेम बनवणाऱ्या निशिकादोंनी ते तसंच ठेवलं, आणि पुढं सगळ्यांनी त्याची नक्कल केली.

पलूसचा_पोहणारा

डाऊनवेल घ्या, डाऊनवेल! २०१५ चा हाय. हितं विमानबिमान न्हाई, एक पोरगं विहिरीत उडी टाकतंय. बंदूक बुटात. खाली गोळ्या झाडत झाडत पडायचं. आमच्याकडं पोहायला शिकवताना थोरला भाऊ विहिरीत ढकलून द्यायचा, अगदी तसंच, फक्त पाठीला भोपळा न्हाई.

गोळ्या मोजक्याच. जमिनीवर टेकलं किंवा कुणाच्या टाळक्यावर पाय दिला की परत भरत्यात. गोळी झाडली की पडायचा वेग बी कमी हुतो, म्हंजे गोळी हाच ब्रेक. लाल दिसंल त्याच्यावर पाय द्यायचा न्हाई, त्याला गोळीच. जमिनीला पाय न लावता जितके माराल तितका कॉम्बो (सलग मारल्याचा आकडा) वाढतोय. हाव सुटती नि माणूस मरतंय, तुमच्या बाबांना लई आवडंल. चित्रं काळी, पांढरी, लाल, बास. जाहिरात न्हाई.

मिरजेचा_तंबोरा

वरच्याला दुजोरा. डाऊनवेल करणारा ओजिरो फुमोतो हा टोकियोत ऑपेरा गायन शिकत होता. दर आठवड्याला एक छोटा गेम करून बघायचा असं ठरवलं, त्यातलाच हा एक. गाणाऱ्याचं काम आहे हे खेळताना जाणवतं. उडी, गोळी, टाळकं, गोळी, सगळं लयीत. लय सुटली की मेलात. (मिरजेच्या माणसाला हे जास्त दिसत असेल, मान्य.)

जतचा_माणूस

चक्रम पाहिजे म्हणता तर जेफ मिंटरचे गेम बघा. ब्रिटिश माणूस, वेल्समध्ये राहतो, मेंढ्या आणि लामा (उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) पाळतो आणि तेच गेममध्ये घालतो. १९८३ मध्ये उंटांवर गेम काढलाय बाबानं. त्याचा 'ग्रिडरनर' १९८२ चा, पुढं आयफोनवरही नव्या रूपात आला. आमच्या माडग्याळच्या मेंढ्याचं बाकदार नाक त्यानं बघितलं असतं तर शेवटचा बॉस (सगळ्यात मोठा शत्रू) तोच केला असता.

बोळातली_गल्लेवाली (सांगली)

पलूसकर, घेतला. उभा फोन बरोबर, पण डावी-उजवीकडं एक अंगठा आणि गोळीला दुसरा. गाडीत उभं राहून दांडी धरायची सोय नाही, बसायला जागा मिळाली तरच. बाकी गेम सच्चा आहे. एकदाही मशिनवर राग आला नाही. बाजूच्या गुहेत शिरलं की बाहेरचा काळ थांबतो, ही मालकाची दिलदारी म्हणायची. बाबांनी असली सवलत दिली नसती.

जतकर, भावाचा जुना आयपॅड पडून आहे. त्यात ग्रिडरनर दिसतोय, पण 'सॉफ्टवेअर अपडेट करा' असं म्हणतोय. करू का?

जतचा_माणूस

अजिबात नको! आयपॅडची सिस्टीम आयओएस ११ आली २०१७ ला, तिथून ३२-बिटचे, म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठी लिहिलेले, गेम उघडतच नाहीत. आहे त्याच्यावर ठेवा, वायफाय बंद करा आणि भावाला हात लावू देऊ नका.