कॉर्सेट शिवताना लागणारे शब्द: बोनिंग, गसेट, बस्क, लेस

हौशी नाटकासाठी १८८० च्या सुमाराचा इंग्लिश कॉर्सेट शिवतेय आणि हाताखालच्या दोघींसाठी कृती मराठीत लिहून काढतेय. बेतणे, माया, अस्तर, गोट इथवर अडलं नाही. वरच्या चार शब्दांना काय म्हणावं? आणि मुळात कॉर्सेटला 'कंचुकी' चालेल का?

— कंचुकी नको. कंचुकी, काचोळी, चोळी ही छाती झाकणारी वस्त्रं. कॉर्सेटचा सगळा जोर कमरेवर, आणि तो शेमीजवरून, म्हणजे आतल्या सैल झग्यावरून, घालतात. 'कॉर्सेट'च लिहा, कळतं सगळ्यांना.

— बोनिंगला, म्हणजे कॉर्सेट ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांना, 'हाडं' लिहू नका. व्हेलबोन या नावामुळे 'देवमाशाचं हाड' असा घोळ होतो. ते हाड नाहीच. काही देवमाशांना दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून पट्ट्या लोंबतात, केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच जातीच्या. त्या उभ्या चिरता येतात, ऊब दिली की वळतात आणि गार झाल्यावर तो बाक धरून ठेवतात. शिवणाऱ्याला आणखी काय हवं! मी 'कामटी' सुचवेन.

— कामटी म्हटलं की आकाशकंदील. बांबूच डोळ्यांपुढे येतो.

— येऊ दे की. स्वस्तातल्या कॉर्सेटात वेतसुद्धा घालत, पोलादी पट्ट्याही होत्याच. माल कुठलाही असो, काम कामटीचंच. मात्र ती सरकवायच्या जागेला नेफा म्हणू नका, नेफा आडवा आणि नाडीचा. 'कामटीचं घर' बरं.

— गसेटला शिंपी चौबगळा म्हणतात, पण तो काखेतला. इथे छातीवर आणि कुल्ल्यांवर कापडाला उभी चीर देऊन तिकोनी तुकडा बसवतात. 'तिकोनी कळी' लिहा. चिरेच्या टोकाशी माया जवळजवळ उरतच नाही, तिथे टाके बारीक हवेत, हे कृतीत ठळक करा. उसवायला सुरुवात तिथूनच होते.

— बस्क तसाच ठेवा. पूर्वी तो म्हणजे पुढे मधोमध खोचलेली एकच अखंड फळी. एकोणिसाव्या शतकात त्याचे दोन भाग झाले: एका पोलादी पट्टीवर खुंट्या, दुसरीवर कड्या. त्यामुळे कॉर्सेट पुढून उघडू लागला आणि बाईला तो एकटीने घालता-काढता येऊ लागला. 'पुढची पट्टी' लिहिलंत तर दोघी बटणपट्टी शिवून मोकळ्या होतील.

— 'लेस' अजिबात नको, बाजारातून जाळीची झालर आणतील! नाडी म्हणा. 'बंद'ही नको, बाराबंदीचे बंद जोडीजोडीने बांधतात, इथे एकच लांब नाडी मागच्या दोन्ही कडांतून ओवायची. कमरेपाशी तिचे दोन वेढे मोकळे सोडतात, आवळायचं ते तिथून. भोकांना काज म्हणू नका, आयलेट म्हणा. १८२० च्या दशकात धातूची आयलेट आली. तोवर हाताने भरलेली भोकं असत आणि ती करकचून ओढली की फाटत.

— कापडाचं राहिलं. पॅटर्नमध्ये 'कूटिल' आहे. दुकानात कसं विचारू?

— तसंच विचारलंत तर दुकानदाराला वाटेल, तुम्ही त्यालाच कुटिल म्हणताय. फ्रेंचमध्ये उच्चार 'कूती'. घट्ट विणीचं सुती कापड, हेरिंगबोनमुळे, म्हणजे नागमोडी तिरक्या विणीमुळे, तिरकं ताणलं तरी फारसं सैलावत नाही. नाही मिळालं तर जाड ड्रिलचं कापड दुहेरी घ्या, पण तुकडे उभ्या धाग्यावरच बेता.