पावसाआधी गुलमोहराचा शेंडा उडवावा का?
म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय की पावसात पडेल म्हणून अंगणातला गुलमोहर वरून सपाट छाटून टाकू का. नका हो! शेंडा उडवला की कापल्या जागी लाकूड कुजायला लागतं आणि वर जे नवे फुटवे येतात त्यांची पकड कच्ची असते, पुढे वाऱ्यात तेच पहिले मोडतात. त्यापेक्षा एप्रिल-मे मध्ये सुकलेल्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्याच काढा, खोडाजवळ फांदीचा जो फुगीर भाग असतो तो शाबूत ठेवून, आणि फांदी जाड असेल तर आधी खालून थोडं कापून मग वरून, नाहीतर मोडताना साल सोलत खाली येते. कापल्या जागी डांबर वगैरे फासू नका.

बांडगूळ असेल तर फळं धरायच्या आत फांदीसकट काढा, नुसतं ओरबाडलं तर परत फुटतं.

पण खरा घोळ बुंध्याशी असतो, आपल्याकडे खोडाला चिकटवून पेव्हर घालायची फॅशनच आलीय, मुळांना हवा कुठून मिळणार? निदान हातभर माती उघडी ठेवा, वर पालापाचोळा पसरा, फक्त तो खोडाला टेकू देऊ नका.

आणि तोडायचंच ठरलं तर गोव्यात १९८४ च्या झाडं राखायच्या कायद्याखाली आधी परवानगी लागते, वनखात्यात विचारा.