सोसायटी ग्रुप: २०४० च्या भरवशावर मेकॅनिकल?

बी-४०४ वहिनी: घरातलं ग्रुपवर टाकतेय, माफ करा. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप फेरीचे (कॉलेज-ब्रँचच्या पसंतीक्रमाचे) ऑप्शन भरायचा उद्या शेवटचा दिवस आणि चिरंजीवांनी कॉम्प्युटर खाली ढकलून मेकॅनिकल वर टाकलंय. का, तर २०४० ला भारतीय माणूस चंद्रावर जाणार! शनिवारच्या भाषणाचा परिणाम. 🙏

बी-१०१ नाना: वहिनी, भाषण मीच दिलं. २०२८ ला भारताच्या अंतराळ स्थानकाचं पहिलं मॉड्यूल (भाग), २०३५ पर्यंत पूर्ण स्थानक. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पहिल्या मॉड्यूलला मंजुरी दिलीय. हवेतल्या गप्पा नाहीत.

ए-२०३: माणसाला अंतराळात नेणारं आपलं गगनयान २०२२ ला उडणार होतं. त्याचं काय झालं?

ए-५०१: हॉलचं भाडं कुणी भरलं? मेंटेनन्समधून गेलं का?

सेक्रेटरी: नानांनी स्वतः भरलं. पावती ऑफिसात आहे.

ए-५०१: नुसतं विचारलं. गणपतीच्या हिशेबाची पावतीही ऑफिसातच होती.

बी-३०२: चंद्रावर पार्किंग मिळेल का? बी-२०२ ला तिथेही दोन लागतील 😀

बी-२०२: विषय सोडून बोलायची सवय काहींची जात नाही.

ए-२०३: पुन्हा विचारतो. २०२२ चं काय झालं?

बी-१०१ नाना: माणूस बसवायचाय राव, पार्सल नाही. ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोटाला, संकटात अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून वेगळी कशी होते त्याची चाचणी झाली. मी विक्रोळीला इस्रोच्या रॉकेटच्या विकास इंजिनाच्या कामावर होतो. एका सांध्याच्या तपासणीवर सह्या किती लागतात ते मला विचारा.
आणि स्पेडेक्स आठवा, अंतराळात दोन उपग्रह जोडायचा इस्रोचा प्रयोग. २२० किलोचे दोन उपग्रह. १२ जानेवारी २०२५ ला ३ मीटरपर्यंत जवळ आणले, परत मागे नेले, डेटा तपासला आणि मग १६ तारखेला जोडले. ते जमलं म्हणून पुढचं सगळं आहे. चांद्रयान-४ चे भाग दोन उड्डाणांत जाणार, वर जोडले जाणार आणि चंद्राची माती घेऊन येणार. स्थानकाचंही तेच, पाच मॉड्यूल एकेक करून जोडायची.

बी-४०४ वहिनी: नाना, ते सगळं खरं. पण २०४० ला हा तेहतीस वर्षांचा असेल. तोवर नोकरी?

बी-४०२: काकू, इस्रोच्या भरतीत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर तिन्ही घेतात. जोडणीच्या वेळी उपग्रह वळवतं ते सॉफ्टवेअरच. कॉम्प्युटर घेतलं म्हणून त्याची वाट बंद होत नाही.

बी-१०१ नाना: पोरगी बरोबर बोलतेय. पण ३० टन वर नेणारं नवं रॉकेट बनतंय, पहिला टप्पा पुन्हा वापरायचा. तिथे मेकॅनिकलवालेच घाम गाळणार. त्याला मनापासून हवंय तर अडवू नका.

सेक्रेटरी: टँकर साडेपाचला येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढा.

बी-४०४ वहिनी: नाना, सातला वर या. त्याच्याशी माझ्यासमोर बोला. दोन्ही ब्रँचचे कॉलेजवाइज कटऑफ काढून ठेवते.

ए-२०३: २०२२ ची तारीख जाहीर करताना या चाचण्या माहीत नव्हत्या का?