मदत हवी आहे: आरती साहा यांचा इंग्लिश खाडी पोहण्याचा मार्ग नकाशावर कसा दाखवावा?

शाळेच्या प्रदर्शनासाठी आरती साहा (१९४०–१९९४) यांच्यावर तक्ता करतेय. २९ सप्टेंबर १९५९ रोजी फ्रान्सच्या केप ग्रि-नेपासून इंग्लंडच्या सँडगेटपर्यंत, १६ तास २० मिनिटांत. खाडी पोहून जाणाऱ्या आशियातल्या त्या पहिल्या महिला.

अडचण अंतराची आहे. खाडी सगळ्यात अरुंद आहे तिथे सरळ रेषेत अंतर साधारण ३३ किमी, पण त्यांच्या पोहण्याची नोंद ४२ मैल, म्हणजे सुमारे ६७ किमी. मुलं विचारणारच, दुप्पट कसं? कारण प्रवाह: भरतीचा ईशान्येकडे, ओहोटीचा नैर्ऋत्येकडे, आणि साधारण सहा तासांनी दिशा उलटते. सोळा तासांत ती दोनतीनदा फिरते, म्हणून मार्ग नागमोडी होतो. सरळ रेघ काढली तर पराक्रमच खोटा दिसतो.

२७ ऑगस्टचा पहिला प्रयत्नही त्याच नकाशावर हवा. सोबतची नाव सुमारे ४० मिनिटं उशिरा आली, अनुकूल प्रवाह हुकला आणि किनारा पाचेक मैलांवर असताना थांबावं लागलं. माझ्या मते तक्त्यातला सगळ्यात शिकवणारा भाग हाच.

तर विचारायचं असं: वळणं नुसती अंदाजाने काढू, की भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून तासातासाचा प्रवाह धरून? कागद किती मोठा घ्यावा? आणि भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी थबकतं, त्या वेळेला कोकणातले मच्छीमार काय म्हणतात? उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) माहीत आहेत, हा शब्द हवाय.